पानाआडचे घड

कळस, ता. इंदापूर
२८ जानेवारी २०२५

सुप्रिया,

आशीर्वाद शेवटी देते, आधी बातमी ऐक. निर्यातीच्या नोंदणीत आपल्या बागेपुढं यंदा माझं नाव लागलं. कागदावर कौसल्या आधी, तुझ्या काकांचं नाव मागं. वीस वर्षं उलटं होतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, गेल्या हंगामात मी माल गपगुमान इंदापूरच्या व्यापाऱ्याला घातला. यंदा ठरवलंय, परदेशी पाठवायचा.

यशराजनं पुण्यावरनं अट घातलीया. "आई, एक हंगाम देतो तुला. जमलं तर बाग तुझी. न्हायतर शेजारच्या दादासोकाकाला वाट्यानं देऊ आणि तू इकडं ये." एक हंगाम देतो म्हणं! ज्याला मी चड्डीची नाडी बांधायला शिकवली तो मला हंगाम देतोय. पण मी व्हय म्हणले. व्हय म्हणले म्हणजे आता करून दाखवायला पायजे.

काल तुझ्या लॅबची सृष्टी नमुना न्यायला आली. निरवांगीची हाय. मला आजी म्हणली. मी म्हटलं, आजी तुझी निरवांगीला, मला मावशी म्हण. पोरगी बागेत अशी नागमोडी फिरली, जणू काय हरवलंय. पाच किलो घड तोडले, पिशवीत घातले. मग घरी आणून चहा दिला, शिरा दिला, ताटलीभर द्राक्षं दिली. द्राक्षं खाऊन म्हणली, "मावशी, असली गोड आमच्याकडं न्हाईत!" ती हातपाय धुऊन खाईतोवर पिशवी मीच सांभाळली. तुझ्या लॅबात माझ्या बागेची मान खाली जाईल असं काय मी ठेवलेलं न्हाय.

माल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस सांगून गेलाय, रिपोर्ट येईतोवर बागेतला एक मणी तोडायचा न्हाय. म्हणून तुला घड पाठवले न्हाईत, राग मानू नकोस. फोनही करू नकोस. मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्यावर मी भांडते, असं तूच म्हणली होतीस. पत्र दूधगाडीच्या भीमाकडं दे.

आता आशीर्वाद.

तुझी कौसल्यामावशी


बारामती
३१ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

भीमाने पत्र गेटवर दिलं आणि मी ते जिन्यातच उभी राहून वाचलं. कागदावर तुझं नाव आधी आलं, याचा मला किती आनंद झाला ते लिहीत बसत नाही. घरी येईन तेव्हा बघशील.

पण निकाल माझ्या हातात आहे असं तू समजू नकोस. नमुना आमच्यापर्यंत येतो तेव्हा त्यावर गाव नसतं, नाव नसतं, फक्त पाच आकडे असतात. या आठवड्यात कळस, बोरी, लासुर्णे या बाजूचे एकवीस नमुने आलेत. त्यातला तुझा कोणता, मला माहीत नाही आणि माहीत नसावं हेच बरं. खरं म्हणजे नमुना दिल्याचं तू मला कळवायलाच नको होतंस. आता कळलंच आहे, तर मी ते रोजनिशीत तारखेसह लिहून ठेवलं आहे. पुढे कधी स्वतःलाच विचारायची वेळ आली तर उत्तर कागदावर असावं.

तू मागे विचारलं होतंस, लॅबमध्ये करता तरी काय. कीडनाशकं तर तपासतोच. माझ्या टेबलावर येतात ती वाढीची औषधं. तुम्ही ज्याला जीए म्हणता ते मणी लांबवतं, सीसीसी वेलीचा शेंडा थांबवतं. सीसीसीचं वैशिष्ट्य असं की ते साखरेसारखं पाण्यात मुरतं. बाकीची औषधं ज्या रीतीने फळातून काढतो त्या रीतीने ते हाती लागत नाही. त्यासाठी फळाचा लगदा करून मिथेनॉलमध्ये वेगळा घुसळावा लागतो. मग यंत्र सांगतं, किती. युरोपात चालतं ते इतकं थोडं की शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम, कागदावर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. कारखान्याच्या रस्त्यावर उसाचे पाच ट्रक उभे असतात ना, तेवढी द्राक्षं डोळ्यांपुढे आण आणि त्यात मिठाची एक चिमूट टाक.

ती चिमूट सापडते. अठरा वर्षं मी तेच करते आहे, आणि या एका बाबतीत मला स्वतःविषयी शंका नाही.

सुप्रिया


कळस
६ फेब्रुवारी

सुप्रिया,

तुझी चिमूट सापडली. माझ्याच बागेत.

आज सकाळी कंपनीचा माणूस रिपोर्ट घेऊन आला. ओट्यावर बसला न्हाय, मोटरसायकलवरनंच म्हणला, "काकू, सीसीसी निघालंय. ०.०३२. तिप्पट. प्लॉट थांबवावा लागंल." तिप्पट म्हणताना त्यानं तीन बोटं दाखवली, मी बहिरी असल्यागत. तिप्पट मला नीट ऐकू आलं.

मी सीसीसी मारलेलं न्हाय. एप्रिलमधी खरड छाटणी झाल्यावर सगळा शिवार मारत होता. मी आणि आपल्या बागेत कामाला येणाऱ्या प्रयागबाईनं दोन एकराचे शेंडे हातानं खुडले. रोज सकाळी सहाला. प्रयागबाईच्या अंगठ्याला अजून घट्टा हाय, तुला बघायचा असंल तर तिला बारामतीला पाठवते, घाल तिचा अंगठा मशीनमधी.

तुझं मशीन खोटं बोलतंय. न्हायतर दुसऱ्याचा नंबर माझ्या पिशवीला लागलाय. एकवीस पिशव्या आल्या म्हणतेस, मग पिशवी बदलायला किती वेळ लागतो?

यशराजला अजून सांगितलं न्हाय.

कौसल्या


बारामती
८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तो नमुना मीच मोजला होता. तेव्हा तो तुझा आहे हे ठाऊक नव्हतं. काल तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं.

पत्र घेऊन मी सरळ मुख्य साहेबांकडे गेले. म्हटलं, हा नमुना माझ्या सख्ख्या मावशीच्या बागेचा निघाला, यापुढे मी त्याला हात लावणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, नात्याने आकडा बदलतो का?" मी म्हटलं, "आकडा नाही बदलत सर, मोजणाऱ्याचा हात बदलू शकतो." त्यांनी काम ऋतिककडे दिलं. ऋतिक माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, माझी चूक काढायला मिळाली तर त्याचा दिवस चांगला जातो. म्हणून मला तोच हवा होता.

त्याने फ्रीजरमध्ये राखून ठेवलेला तुझाच लगदा काढला. दोनदा मोजला. मग त्यात सीसीसीचं ठरावीक माप मुद्दाम मिसळलं आणि यंत्र ते मिसळलेलं किती परत दाखवतं ते पाहिलं. जवळजवळ सगळं परत दाखवलं. नुसतं मिथेनॉल घालून पाहिलं, त्यात काही नव्हतं, म्हणजे आधीच्या नमुन्यातलं काही मागे राहिलेलं नव्हतं. त्याचा आकडा ०.०३१ आला. पिशवीवरचा नंबर, शेतातल्या फॉर्मवरची तुझी सही, आमच्या नोंदवहीतली ओळ, तिन्ही जुळतात.

मावशी, आकडा खरा आहे. तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे आणि आकड्यावरही आहे. दोन्ही एकत्र खरे असतील तर मधे काहीतरी आपल्याला दिसत नाहीये. म्हणून विचारते, रागावू नकोस. काकांनी सीसीसी शेवटचं कधी मारलं होतं? ते वेलीच्या लाकडात राहतं आणि पुढच्या हंगामात फळात उतरू शकतं. फवारणीचा ब्लोअर तुझा स्वतःचा वापरलास की कुणाचा मागून आणलास? शेजारी फवारताना वारा कुठला होता?

सुप्रिया


कळस
११ फेब्रुवारी

सुप्रिया,

तुझ्या काकांनी शेवटचं मारलं त्याला तीन वर्षं झाली. ब्लोअर आपला, टाकी आपली, दुसऱ्याला देत न्हाय आणि दुसऱ्याचा आणत न्हाय. वारा कुठला होता ते मे महिन्यात कोण लिहून ठेवतं? तू ठेवत असशील.

यशराजला कळलं. कंपनीच्या माणसानं कळवलं. रागावला न्हाय, त्याचंच मला वाईट वाटलं. म्हणला, "आई, तू केलंस ते लई केलंस, आता पुरे." पुरे हा शब्द त्यानं असा काढला, जसा जेवताना वाढणाऱ्याला हात आडवा करतात.

काल दादासो बागेत येऊन गेला. ओळी मोजत होता. मला बघून म्हणला, "काय न्हाय वयनी, सहज." सहज कोण ओळी मोजतं? पण चांगला माणूस हाय, कधी कशाला न्हाय म्हणत न्हाय. बाग त्याच्याकडं गेली तर वेली तरी सुखात राहतील.

आता पत्र लिहू नकोस. लिहिण्यासारखं काय राहिलंय?

कौसल्या


बारामती
१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

लिहिण्यासारखं राहिलं आहे.

तुझं पहिलं पत्र आज पुन्हा वाचलं. आधी दोनदा वाचलं होतं, दोन्ही वेळा आनंदात वाचलं, म्हणून नीट वाचलं नाही. ही माझी चूक. त्यात तू लिहिलं आहेस की कंपनीने बागेतला एक मणीही तोडायचा नाही असं बजावलंय, म्हणून मला घड पाठवले नाहीत. त्याच पत्रात लिहिलं आहेस की सृष्टीला ताटलीभर द्राक्षं दिलीस. मग ती ताटली कुठल्या बागेतली?

आणि ती हातपाय धुऊन खात होती तोवर पिशवी तू सांभाळलीस. म्हणजे पिशवीला तोवर सील नव्हतं.

यानंतर मी नमुन्याचा फोटो काढून पाहिला. लगदा करण्याआधी आम्ही सगळे घड ट्रेवर मांडून फोटो घेतो. एकूण सोळा घड. अकरा जसे बागेतून तोडून आणतात तसे, लहानमोठे, दोन तर वाकडे. उरलेले पाच एका मापाचे, टपोरे, दांडा लांब ठेवून कापलेले. तुझ्याकडे दांडा इतका लांब ठेवून कधी कापत नाहीत. लहानपणी मी ठेवला होता तेव्हा तू माझ्या हातातली कात्री काढून घेतली होतीस.

गणित मला दिसतंय. पण तुझ्या वतीने मी ते मांडणार नाही. मला तू सांग, काय झालं.

सुप्रिया


कळस
१८ फेब्रुवारी

सुप्रिया,

पाच दिवस कागद पुढं घेऊन बसत होते. सांगते.

सृष्टी येणार म्हणून सकाळी मी दादासोच्या कुंपणाशी गेले. लॅबचा माणूस घरी येणार आणि द्राक्षाच्या गावात त्याला द्राक्षं न्हाई दिली तर कसं दिसंल? आपल्या बागेतला मणी तोडायचा न्हाय. म्हटलं, "भावजी, पाच घड द्या, देखणे." म्हणला, "पाहुणे येणार वाटतं?" म्हटलं, "व्हय, बारामतीचे." म्हणला, "मग घ्या की वयनी, कुंपण हाय ते जनावरासाठी." आणि स्वतः निवडून, लांब दांड्यानं कापून दिले. ते घेऊन मी ताटलीत मांडले.

मग तुझी सृष्टी आली. बागेत तिच्या मागनं हिंडताना माझा जीव वरखाली व्हायला लागला. ती चांगले घड सोडून कसले घड तोडत होती! बुडक्याजवळचे, पानाआडचे, ज्यावर ऊन पडलं न्हाय असले. मी म्हटलं, "अगं पोरी, हा बघ, हा घे." तर म्हणली, "मावशी, तुमी दाखवायचा न्हाय, मला दिसंल तो मी घेणार." मनात म्हटलं, ही माझ्या बागेची अब्रू पिशवीत भरून नेतीया. तालुक्याच्या प्रदर्शनात तुझ्या काकांना पहिला नंबर मिळाला तवा आमी नमुना रात्रभर निवडला होता. नमुना म्हणजे निवडूनच द्यायचा असतो, एवढंच मला ठाऊक. आणि यंदा कागदावर माझं नाव. आणि तपासणार कोण, तर माझ्या बहिणीची पोरगी.

ती हातपाय धुवायला मोरीत गेली. मी पिशवीतले पाच वाईट घड काढले आणि ताटलीतले पाच देखणे पिशवीत घातले. वाईट घड धुऊन ताटलीत ठेवले. तेच तिनं खाल्ले. तेच गोड लागले तिला.

दादासो सीसीसी मारतो हे मला ठाऊक होतं. पण तू आकडा लिहिलास तवाही माझ्या डोक्यात आलं न्हाय. मला वाटलं, तुमी औषध बघता ते बागेचं बघता. घडाचं बघता हे कळलं तुझ्या ह्या पत्रानं. पाच दिवस त्यामुळं गेले.

आता एक मागते. तुझ्या हातात हाय. सृष्टीला गुपचूप परत पाठव, दुसरी पिशवी ने, पहिली चुकली म्हण. माझं नाव निघालं तर निघू दे, पण त्या पोरीची नोकरी जाईल. तिनं शिरा दोनदा मागून घेतला होता.

मावशी


बारामती
२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

गुपचूप काही होणार नाही. तुझ्यासाठी नाही, सृष्टीसाठीही नाही. हे लिहिताना मी दोन तास थांबले, पण उत्तर पहिल्या मिनिटाला होतं तेच आहे.

आता माझी बाजू ऐक. सृष्टीला नमुना कसा घ्यायचा हे मी शिकवलं. पानाआडचा, बुडक्याजवळचा, आंबट, गोड, जो समोर येईल तो घ्यायचा, कारण परदेशातला माणूस सगळी बाग खाणार आहे, नुसता देखणा घड नाही. हे तिने बरोबर केलं. पण मीच तिला हेही शिकवलं होतं की शेतकऱ्याने चहा दिला तर नाकारू नको, माणूस दुखावतो. सील चहाआधी की चहानंतर, हे मी कधी बोललेच नाही. मी कळसची भाची, शेतातल्या माणसांची रीत मला कळते याचा मला अभिमान होता. त्या अभिमानातच ही फट राहिली. काल हे सगळं मी साहेबांना लिहून दिलं. सृष्टीची नोकरी जाणार नाही. तिला ताकीद मिळाली, मलाही मिळाली. माझी जास्त कडक आहे आणि तशीच असायला हवी.

तुझी बाजू तू लिहून द्यायची. काय केलंस, का केलंस, घड कुणाचे होते. दादासोकाकांचीही सही लागेल, की ते घड त्यांचे आणि त्यांनी सीसीसी मारलं होतं. त्यांनी काही वावगं केलेलं नाही. ते देशात विकतात आणि देशातली मर्यादा वेगळी आहे. पण त्यांना हे कागदावरून कळू नये. तू आधी जा.

कागद पोचले तर कंपनी एकदाच नवा नमुना घ्यायला तयार आहे. तो आमच्याकडे तपासला जाणार नाही, दुसऱ्या लॅबला जाईल. मला निकाल कळणार नाही.

आणि एक गोष्ट लपवत नाही. नवा नमुनाही नापास होऊ शकतो. तीन वर्षांपूर्वी काकांनी मारलेलं लाकडात किती उरलंय, मला माहीत नाही. पहिल्या पिशवीतून ते कळणं शक्य नव्हतं. पण तुम्ही दोघींनी शेंडे हाताने खुडलेत. माझा अंदाज विचारशील तर मी तुझ्या बाजूने आहे. अंदाज म्हणूनच घे.

तुझी
सुप्रिया


कळस
२५ फेब्रुवारी

सुप्रिया,

दादासोकडं गेले. तो गोठ्यात होता. सगळं सांगितलं. आधी हसला. मग हसायचा थांबला.

"म्हणजे वयनी, माझ्या मालानं तुमाला नापास केलं?"

म्हटलं, "तुमच्या मालानं न्हाय भावजी, माझ्या हातानं. माल चांगलाच होता. माझ्यापेक्षा चांगला दिसत होता, म्हणून तर घातला."

"मग मी सही कशाची करू? मी सीसीसी मारतो म्हणून? चोरी केली का मी?"

"चोरी न्हाय. तुमचं गिऱ्हाईक वेगळं, माझं वेगळं. एवढंच लिहायचं."

तो म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला. म्हणला, "मी सही न्हाय केली तर तुमची बाग जाईल. जाईल ती माझ्याकडंच येईल." मी म्हटलं, "व्हय. ते मला ठाऊक हाय. म्हणूनच तोंडानं सांगाय आले, कागद पाठवला न्हाय." म्हणला, "उद्या बघू."

सुप्रिया, त्या दिवशी मला भाकरी गोड लागली न्हाय. त्याला न्हाय म्हणायचा हक्क होता गं.

दुसऱ्या दिवशी तोच आला. सही केली. पेन परत देताना म्हणला, "वयनी, तुमची बाग मला घ्यायची हाय, खोटं कशाला बोलू? घेईन तवा सरळ घेईन. पाच घडांनी न्हाय घेणार." आणि जाता जाता टोमणा मारलाच, "आता पाहुणे आले तर केळी द्या."

आज सृष्टी आली. बदललीया पोरगी. मला नमस्कार केला, पण ओट्यावर चढली न्हाय. बागेतच घड तोडले, बागेतच पिशवीला सील केलं, बागेतच माझी सही घेतली. मी माझे दोन्ही हात पाठीमागं धरून चालत होते, शाळेतल्यासारखे. एके ठिकाणी तिनं इतका वाकडा घड तोडला की माझ्या तोंडातनं "अगं" निघालं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "काय न्हाय, ठेच लागली." प्रयागबाई मागं हसत होती.

सगळं झाल्यावर सृष्टी म्हणली, "मावशी, आता चहा." तोवर गार झाला होता. तिनं तसाच पिला.

आता वाट बघायची. साखर भरलीया, आठ दिवसांत काढणी न्हाय झाली तर मणी मऊ पडंल.

मावशी


कळस
४ मार्च

सुप्रिया,

आधी आशीर्वाद, मग बातमी. उलटं लिहिते म्हणजे समजून जा.

काल रिपोर्ट आला. ह्या वेळी कंपनीचा माणूस मोटरसायकल लावून ओट्यावर बसला. कागदावर सीसीसीच्या पुढं लिहिलंय, "०.०१ पेक्षा कमी". मी त्याला तीनदा वाचायला लावलं. म्हणला, "काकू, ऐकू येत न्हाय का?" म्हटलं, "येतंय. पण परत वाच."

आज सकाळपासनं काढणी चाललीया. क्रेटवर नोंदणीचा नंबर, त्याच्याखाली माझं नाव. प्रयागबाईनं पहिला क्रेट उचलला, मीच सांगितलं, तिच्या अंगठ्याचा मान.

यशराजचा फोन आला. म्हणला, "आई, बाग तुझी." म्हटलं, "ती होतीच. आता मी तुला एक हंगाम देते. एप्रिलमधी सुट्टी काढून ये, शेंडे खुडायचेत. जमलं तर तू माझा मुलगा." लई हसला. येतो म्हणला. दादासोलाही सांगितलं, म्हणला, "पुढच्या साली मला पण शिकवा, खुडायचं कसं ते." खरं का थट्टा, कळलं न्हाय. बहिरी असल्याचा हा एक तोटा.

एक विचारते. कमी म्हणजे किती? शून्य का न्हाय लिहिलं? एवढं खुडलं, शून्य लिहायला काय जात होतं?

भीमाकडं चार घड पाठवतेय. चांगले सगळे क्रेटमधी गेले. हे पानाआडचे हायत. त्यातला एक वाकडा हाय, बघून घे.

तुझी मावशी


बारामती
६ मार्च

प्रिय मावशी,

शून्य आम्ही कधीच लिहीत नाही. यंत्राला जेवढं खात्रीने मोजता येतं त्याच्या खाली काय आहे, ते आम्हाला माहीत नसतं. काहीच नसेल, किंवा काकांच्या हातचं अगदी थोडं अजून लाकडात असेल. "०.०१ पेक्षा कमी" याचा अर्थ एवढाच की आम्हाला जिथवर खात्री देता येते तिथवर तुझी बाग स्वच्छ आहे. मला तो शून्यापेक्षा मोठा शब्द वाटतो, कारण तो कुणी नुसत्या प्रेमाने लिहिलेला नाही.

इथे नियम बदलला आहे. वेलीखाली सील, मग सही, मग चहा. नव्या कागदावर तो तसाच छापला आहे. चहा साहेब खोडणार होते. मी ठेवायला लावला.

घड संध्याकाळी मिळाले. टेबलाभोवती आम्ही तिघं होतो, मी, ऋतिक आणि सृष्टी. ऋतिक वाकड्या घडाकडे बघून म्हणाला, "हा मोजायचा का?" सृष्टीने त्याच्या हातून तो घेतला, धुतला, एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाली, "मी हे आधी खाल्लेत." खरंच की. जानेवारीत तुझ्या बागेचे ते पाच घड नमुन्यातून निसटले, आणि एकट्या तिनेच ते तपासले होते. तिचा निकाल बरोबर होता.

मीही खाल्ले. गोड आहेत. रोजनिशीत तसंच लिहिलं, आणि पुढे प्रामाणिकपणे नोंदवलं की मोजलेले नाहीत.

तुझी
सुप्रिया